आर्डिसचे वाटाणे आणि ऑर्लिनच्या तारा

ऑर्लिन त्वेइटला कुणी बोलावलं, की तो आधी आपली बादली उचलायचा. आत पक्कड, पाने, पेचकस, चिकटपट्टी, आणि वीज आली की पेटणारा एक टोकदार टेस्टर. ज्याचं बिघडलंय त्याच्या दाराशी पोचला की सामान जमिनीवर मांडायचा, बादली उपडी घालायचा, तिच्यावर बसायचा आणि विचारायचा, "बंद पडायच्या आधी शेवटचा हात कशाला लावला होतास?"

समोरचा म्हणायचा, "कशालाच नाही."

या प्रश्नाला आजवर कुणी दुसरं उत्तर दिल्याचं ऐकिवात नाही. ऑर्लिन त्यावर वाद घालत नसे. तो बसून राही. कॉफी दिली तर पीत असे, नाही दिली तर डोंगराकडे बघत असे. मग समोरच्याची चुळबुळ सुरू होई, आणि शेवटी तो हळूच म्हणे, "म्हणजे, काल तो एक स्क्रू तेवढा जरा..." तेव्हा कुठे ऑर्लिन उठे.

ड्राय वेलचा आमचा तळ म्हणजे ॲरिझोनाच्या वाळवंटातला खडीचा माळ. नोव्हेंबर लागला की वरचे, उत्तरेकडचे म्हातारे आपापली चाकांची घरं पिकअपच्या मागे अडकवून इथे उतरतात आणि गावाकडचं बर्फ वितळलं की परत जातात. सकाळी कॉफीचा मग घेऊन बाहेर यायचं आणि आपल्या गावी रात्री किती थंडी पडली ते सांगायचं, ही इथली पहिली पूजा. ज्याच्या गावची थंडी सगळ्यांत जास्त, तो दिवसभर मान ताठ करून हिंडतो, जणू ती त्यानंच पाडली.

आता घर म्हटलं तर ते एका जागी उभं असावं. ते तुम्ही तीन राज्यांतून खडखडत ओढत आणलं, तर त्यातलं काही ना काही ढिलं होणारच. एकाच्या नळाला गरम पाणी येत नाही. का, तर थंडीत गिझर फुटू नये म्हणून त्यानंच घरून निघताना पाणी गिझरच्या बाहेरून वळवणारा कॉक फिरवलेला असतो, आणि आता गिझरला शिव्या घालत असतो. दुसरीचा फ्रीज गार होत नाही. ऑर्लिन फ्रीजकडे बघायचाही नाही, उतार दाखवणारी पाणसळ घेऊन जमिनीवर ठेवायचा. "फ्रीज बिघडला नाही गं बाई, घर कललंय. एका चाकाखाली फळी घाल आणि उद्या दूध बघ." तिसऱ्याची शेगडी फडफडते. तिथे नळीत कोळ्यानं जाळं केलेलं असतं. या गॅसचा वास कोळ्यांना फार आवडतो. का, ते कोळ्यांनाच विचारायला हवं.

या कामाचे तो पैसे घेत नसे. कुणी दालचिनीचे रोल द्यायचं, कुणी लिंबाच्या वड्या.

आणि तारांचं काम असलं की बरोबर आर्डिस जायची. आर्डिस म्हणजे ऑर्लिनची बायको. ठेंगणी, गोल, डोक्यावर विणलेली टोपी. ती टॉर्च धरायची. टॉर्च धरता धरता तिची तोंडाची टकळी चालू असायची, आणि सगळी खाण्याची.

"ऑर्लिन, संध्याकाळी बीट उकडू का?"

ऑर्लिन एक तार पकडून म्हणायचा, "उकड."

"त्याच्या शेजारी वाटाणे बरे दिसतील."

"हं."

"आणि कॉफी संपत आली बघ. कडेला उरलीय थोडी, उजवीकडच्या."

लोक हसायचे. म्हणायचे, नवरा बिचारा विजेशी खेळतोय आणि हिचं लक्ष सगळं पोटात. पण माणसं मनाची चांगली. बाईला वाटाणे फार आवडतात म्हणून क्लॅरिसनं एकदा वाटाण्याचा डबा आणून दिला. तिचं बघून दुसरीनं बीटचा दिला. मग तशी पद्धतच पडली. त्वेइटांच्या ट्रेलरमधलं वरचं कपाट उघडलं की डबे अंगावर यायचे. त्या दोघांनाही वाटाणे आवडत नव्हते. बीट तर आर्डिसला समोरही चालत नसे.

त्यातली गोष्ट अशी होती, की बीट म्हणजे लाल तार, वाटाणे म्हणजे हिरवी, आणि कॉफी म्हणजे तपकिरी. ऑर्लिनला लाल, हिरवा आणि तपकिरी हे तिन्ही रंग एकसारखे दिसायचे. ओल्या मातीसारखे, एवढंच तो सांगू शकायचा. आणि हे आर्डिसखेरीज या पृथ्वीवर कुणालाही माहीत नव्हतं.

आर्डिसला तरी कुठे कुणी सांगितलं होतं! नॉर्थ डकोटात, जत्रेत ओळख झाली तेव्हा तो तिला म्हणाला, "तुझा तपकिरी कोट छान आहे." कोट होता हिरवागार. तिला वाटलं, पोरगा चेष्टा करतोय. दुसऱ्या भेटीत तो पुन्हा तेच म्हणाला. तेव्हा तिला वाटलं, याला दुसरं काही बोलता येत नाही. लग्नानंतर तिनं त्याला परसात टोमॅटो तोडायला पाठवलं आणि तो कच्चे आणि पिकले एकाच टोपलीत भरून आला, तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. तिनं टोपली घेतली. कच्च्यांचं लोणचं घातलं. आणि त्या दिवसापासून तिचा तो कोट घरात तपकिरी झाला.

ऑर्लिनला तरुणपणी इलेक्ट्रिशियन व्हायचं होतं. त्यासाठी घरच्या रेडिओची तीनदा वाट लावून झाली होती. वीज कंपनीत उमेदवारीला गेला, तर तिथल्या माणसानं एक पुस्तक पुढे धरलं. पानभर रंगीत ठिपके. "यात आकडा कुठला दिसतो?" ऑर्लिन म्हणाला, "ठिपके दिसतात." माणसानं पान उलटलं. "आणि यात?" "यातही ठिपकेच." असं पुस्तक संपेपर्यंत चाललं. मग त्या माणसानं त्याला एक पेपरमिंट दिलं आणि दार उघडून धरलं.

गावात त्यानं सांगितलं, खांबावर चढायचं काम आहे, मला उंचीची भीती वाटते. आणि धान्याच्या कोठारावर देखभालीच्या कामाला लागला. ती कोठारं चर्चच्या मनोऱ्याहून दुप्पट उंच. निवृत्त होईपर्यंत तो तिथं वरती, पत्र्यावर, डकोटाच्या वाऱ्यात फिरत राहिला. उंचीच्या भीतीचं काय झालं, असं गावात एकानंही विचारलं नाही. तिकडची माणसं तशी भिडस्त.

म्हणून, म्हातारपणी ड्राय वेलच्या माळावर कुणी "ऑर्लिनला विचार, तो आपला इलेक्ट्रिशियन आहे" असं म्हटलं, की तो खाली बघून बादलीत काहीतरी शोधायला लागायचा. सापडायचं काही नाही. पण शोधायचा बराच वेळ.

त्या वर्षी फेब्रुवारीत आर्डिसचा मोतीबिंदू पिकला. तिची भाची जोलीन युमा शहरात राहायची. ऑपरेशन तिथे होतं, आणि नंतरही तपासणीसाठी आठवडाभर तिच्याकडेच राहायचं होतं. जोलीन गाडी घेऊन न्यायला आली, तर आर्डिस काही गाडीत बसेना.

"नीट ऐक. पाणी, चालेल. गॅस, चालेल. चाकं, बेअरिंग, ग्रीस, काय हवं ते कर. तारांना हात लावायचा नाही."

"नाही लावत."

"कुणी आलं तर काय सांगशील?"

"बादली हरवली."

"तुला खोटं बोलता येत नाही. कंबर धरलीय म्हण."

"हे खोटंच झालं की."

"तुझ्या वयात नाही," म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

तीन-चार दिवस त्यानं कसून पाळलं. एकाचा गिझर, एकाचा फ्रीज, क्लॅरिसच्या शेगडीतला कोळी. क्लॅरिस म्हणजे मोंटानाची उंच, हाडकुळी विधवा. शाळेची बस चालवून निवृत्त झालेली, आणि आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचणारा. "आर्डिस नाही तर तुला सुनंसुनं वाटत असेल," ती म्हणाली, आणि वाटाण्याचा एक डबा देऊन गेली.

मग लॉइड पेटकाउ आला.

लॉइड कॅनडातल्या मॅनिटोबाचा. कापणीची मोठमोठी यंत्रं विकायचा; ते सोडून पुष्कळ वर्षं झाली तरी अजून कुठल्याही वस्तूवर हात ठेवूनच बोलायचा. त्याचा ट्रेलर तळावर सगळ्यांत लांब. दोन्ही बाजूंनी खोल्या बाहेर सरकायच्या आणि कडेनं पिवळ्या दिव्यांची माळ. त्याच्या हातात केबल होती आणि केबलच्या टोकाला, जिथे प्लग असायला हवा तिथे, घासून अर्धं झालेलं काहीतरी.

"रस्त्यात सुटला. कुठवर घासत आला कोण जाणे."

प्लग पिकअपला जोडला की मागच्या ट्रेलरचे दिवे पेटतात. पुढे ब्रेक दाबला की मागे लाल, पुढे वळायची खूण दिली की मागे त्या बाजूचा दिवा लुकलुकतो. प्लग नसेल तर मागच्याला वाटतं, पुढे भिंत चाललीय.

ऑर्लिननं बादली उपडी घातली. "शेवटचा हात कशाला लावला होतास?"

"कशालाच नाही."

ऑर्लिन बसून राहिला.

"नीट दाबून बसवला नव्हता," लॉइड म्हणाला. "बर्निसशी भांडत होतो." बर्निस म्हणजे त्याची बायको.

"हं."

"नवा प्लग आणलाय. शनिवारी नातीचं लग्न आहे, कॅलिफोर्नियात. उद्या सकाळी निघायचंय. गावातला मेकॅनिक म्हणतो, पुढच्या आठवड्यात ये."

"माझी कंबर धरलीय," ऑर्लिन म्हणाला. म्हणताना त्यानं गुडघा धरला.

"तुला वाकायचंच नाही. मी केबल वर धरतो." लॉइडनं आपला हात ऑर्लिनच्या खांद्यावर ठेवला. "अरे, हे बघ. घरात इलेक्ट्रिशियन असताना माणूस गावात कशाला जाईल?"

त्यानं तो शब्द उच्चारायला नको होता. ऑर्लिननं बादलीत पाहिलं, शोधायला म्हणून. बादली उपडी होती. मग त्यानं सरळ पक्कड घेतली.

केबल सोलली. आत सात तारा. पांढरी, काळी, निळी, पिवळी, या चार त्याच्या ओळखीच्या. त्या त्यानं चटचट आपापल्या जागी कसल्या. उरल्या तीन. तिन्ही ओल्या मातीसारख्या. त्यानं त्या उन्हात धरल्या, सावलीत धरल्या. कुणी बीट म्हणेना, कुणी कॉफी म्हणेना. माळावर फक्त वारा.

म्हणजे, उपाय नव्हता असं नाही. गाडीची बॅटरी घ्यायची, एकेक तार तिला टेकवायची, आणि मागे उभं राहून कुणीतरी सांगायचं की कुठला दिवा लागला. त्याला रंग लागत नाहीत, फक्त एक माणूस लागतो. ऑर्लिनला हे चांगलं माहीत होतं. पण ज्याला तारा कळतात तो असं कशाला करील? लॉइडला मागे पाठवायचं म्हणजे आपल्याला कळत नाही असं सांगण्यासारखंच.

"ऊन फार चमकतंय," तो म्हणाला. "ही कुठली म्हणशील तू?"

लॉइडनं खिशातून चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला. तार दोन बोटांत धरून त्यानं ती एखादं यंत्र विकत घ्यायचं असल्यासारखी निरखली.

"तपकिरी," तो म्हणाला.

"आणि ही?"

"ही हिरवी. यात काय विचारायचं?"

माणूस इतका खात्रीनं बोलला की ऑर्लिनला हायसं वाटलं. उरलेली ती लाल. त्यानं तिन्ही कसल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली. पिकअप घेऊन बर्निस गावात कपडे धुवायला गेली होती, त्यामुळे लावून बघायला काही नव्हतं. लॉइड म्हणाला, "बघायचंय काय त्यात? तू लावलाय ना!" आणि त्याच्या हातात कॉफी केकचा अख्खा डबा ठेवून गेला.

संध्याकाळी आर्डिसचा फोन आला.

"एका डोळ्याची पट्टी काढली," ती म्हणाली. "ऑर्लिन, जोलीनचं स्वयंपाकघर निळं आहे! इतकी वर्षं मी त्याला करडं समजत होते. सगळं जग कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं दिसतंय."

"वा."

"मी विचार करतेय. गेली दोनएक वर्षं टॉर्चच्या उजेडात निळं आणि काळं मला सारखंच दिसत असणार. मी तुला काय काय सांगितलं कोण जाणे."

"निळं-काळं मला दिसतं. आणि कुणी तक्रार घेऊन परत आलं नाही."

"गेल्या वर्षी ज्यांच्या तारा जोडल्या ते हेंड्रिक्सन तर परत आलेच नाहीत," आर्डिस म्हणाली.

ऑर्लिननं कॉफी केकच्या डब्याचं झाकण उघडलं.

"आज काय केलंस?" तिनं विचारलं.

"क्लॅरिसचा कोळी."

"तो काल सांगितलास. आज?"

"विशेष काही नाही."

आर्डिस काही बोलली नाही. तिनं फोनही ठेवला नाही. ऑर्लिनला तिचा श्वास ऐकू येत होता. कोणाच्याही दाराशी बादलीवर बसून तो जे करायचा, तेच ती युमाहून करत होती. त्यानं डोंगराकडे पाहिलं. त्यानं केकचा तुकडा मोडला.

"पट्टी ओली करू नकोस," असं म्हणून त्यानं घाईनं फोन ठेवला.

सकाळी पेटकाउ निघणार म्हणून लोक खुर्च्या घेऊन आले. आमच्या तळावर कुणी ट्रेलर जोडायला लागलं की सगळे घडीच्या खुर्च्या मांडून, कॉफी घेऊन बघत बसतात. मदत करत नाहीत. मदत केली तर नवरा-बायको भांडत नाहीत, आणि मग बघायचं काय? काहीजण तर झोपायच्या कपड्यांवर कोट चढवून आलेले. ऑर्लिनही आला, आणि सगळ्यांत कडेला बसला.

लॉइड पिकअपमध्ये बसला. बर्निस ट्रेलरच्या मागे उभी राहिली. ती रुंद खांद्यांची, लालबुंद गालांची, आणि हळू बोलायची सवय नसलेली.

"डावा!" लॉइड ओरडला.

"डावा ठीक!"

"उजवा!"

बर्निस दोन पावलं मागे सरकली.

"उजवा म्हटलं! लागला का?"

"लॉइड," बर्निस ओरडली, "सगळाच ट्रेलर लागलाय."

आणि खरंच. मागचे दिवे, कडेची पिवळी माळ, वरचे, खालचे, सगळे एकदम लुकलुकत होते. भर सकाळी, वाळवंटात, ख्रिसमसचं झाड. एकानं टाळ्या वाजवल्या.

"ब्रेक दाब!" क्लॅरिस खुर्चीतूनच ओरडली. लॉइडनं ब्रेक दाबला. पुन्हा सगळी माळ. "आता नुसते दिवे लाव!" लावले. तर उजवीकडचा एकच लाल दिवा भगभगून पेटला, बाकी अंधार.

लॉइड खाली उतरला. खुर्च्यांमधली सगळी तोंडं हळूहळू कडेला वळली. कुणी रागानं बघत नव्हतं. ऑर्लिन आता उठेल, काहीतरी एक शब्द बोलेल आणि कळेल की दोष प्लग बनवणाऱ्याचा आहे, अशी सगळे वाट बघत होते.

"काय झालं असेल रे?" लॉइडनं विचारलं. "कशाला हात लागला असेल?"

"कशालाच नाही," ऑर्लिन म्हणाला.

म्हणाला खरं, पण ते शब्द त्यानं इतक्या लोकांच्या तोंडून ऐकले होते, की स्वतःच्या तोंडून आल्यावर त्याला ते लगेच ओळखू आले. तो बसून राहिला. त्याला कुणी कॉफी दिली नाही. डोंगर होता तिथेच होता.

मग तो उठला, बादलीतलं सामान खडीवर मांडलं, बादली उपडी घातली, आणि ट्रेलरच्या पुढे तिच्यावर बसला.

"मला रंग कळत नाहीत," तो म्हणाला. "लाल, हिरवा, तपकिरी. मला ते एकच आहेत. कधीच कळले नाहीत. आर्डिस सांगते. बीट म्हणाली की लाल, वाटाणे म्हणाली की हिरवा, कॉफी म्हणजे तपकिरी. मी इलेक्ट्रिशियन नाही. त्यांनी मला घेतलं नव्हतं."

क्लॅरिसनं हातातला मग खडीवर ठेवला.

"म्हणजे," क्लॅरिस सावकाश म्हणाली, "तिला वाटाणे आवडत नाहीत?"

"नाही."

"मी तिला किती डबे दिले!"

"आहेत," ऑर्लिन म्हणाला. "सगळे आहेत."

इतक्यात लॉइडला काहीतरी आठवलं आणि तो दुखावल्यासारखा पुढे आला. "पण हा काय प्रकार आहे? मी सांगितलं होतं ना तुला! ही तपकिरी, ती हिरवी. स्पष्ट सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस."

"मग?"

बर्निस ट्रेलरच्या मागून चालत आली. तिनं चिकटपट्टी सोडवली, तारा पाहिल्या. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"लॉइड," ती म्हणाली, "माझं जाकीट कुठल्या रंगाचं आहे?"

"हे काय विचारणं झालं? तपकिरी."

खुर्च्यांमधून कुणीतरी तोंडातली कॉफी फुर्रकन बाहेर उडवली. जाकीट होतं पोपटी हिरवं.

"तरीच!" बर्निस म्हणाली. "तरीच तू दर वेळी अर्धं कच्चं मांस शेगडीवरून उतरवतोस! मी समजत होते, तू आळशी आहेस. आणि आपलं ते पहिलं यंत्र, जे तू त्या बाईला लाल म्हणून—"

"बर्निस, आपल्याला लग्नाला जायचंय."

"जाऊ की. मोजे मी निवडते तुझे."

ऑर्लिन बादलीवरून लॉइडकडे बघत होता. लॉइड तारांकडे बघत होता. एवढा मोठा माणूस, त्याला हात कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"तुलाही ओल्या मातीसारखं दिसतं का?" ऑर्लिननं हळूच विचारलं.

"मला वाटलं, सगळ्यांनाच तसं दिसतं," लॉइड म्हणाला. "मला वाटायचं, लोक उगाच नखरे करतात."

मग ऑर्लिननं जे काल करायला हवं होतं ते केलं. प्लग उघडला, त्या तीन तारा सोडवल्या, पिकअपची बॅटरी जवळ घेतली. आणि म्हणाला, "मला मागे माणसं लागतील." सगळी खुर्च्यांवरून उठली. ड्राय वेलला हे पूर्वी कधी झालं नव्हतं. प्रत्येक दिव्यापाशी एकेक म्हातारा किंवा म्हातारी, कोटाखाली झोपेचे कपडे, हातात मग. ऑर्लिन एक तार बॅटरीला टेकवायचा आणि मागून आवाज यायचा.

"माझा लागला! उजवा!"

"पिवळे सगळे! आणि मागचे!"

"माझा डावा, ऑर्लिन! बीट आहे हे!" क्लॅरिस ओरडली. तिच्या हातात तार नव्हतीच, पण राहवलं नाही तिला.

प्लग लागला. डावा डावीकडे लागला, उजवा उजवीकडे. बर्निस गाडीत बसता बसता म्हणाली, "आता रस्त्यातले सिग्नल मी सांगणार," आणि लॉइड म्हणाला, "वरचा लाल असतो हे मला येतं." त्यावरून भांडत भांडत पेटकाउ गेले.

त्यानंतर दोन दिवस ऑर्लिनकडे कुणी आलं नाही. हे असं होणार हे त्यानं धरलंच होतं. बादली त्यानं ट्रेलरखाली, आतल्या बाजूला सरकवली. थंडीच्या गप्पांना गेला तेव्हा त्याच्या गावची थंडी सगळ्यांत जास्त होती, पण त्यानं ती सांगितली नाही.

आर्डिस आली तेव्हा डोळ्यांवर मोठा काळा चष्मा होता. तो काढून तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं.

"तारांना हात लावलास," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. बादली कुठाय?"

त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत होती, आणि मधूनमधून कपाटातला एकेक डबा काढून टेबलावर ठेवत होती. बराच ढीग झाला.

"लोकांना म्हटलंस, मला वाटाणे आवडत नाहीत?"

"क्लॅरिसनं विचारलं."

"मग चांगलं केलंस," आर्डिस म्हणाली. जरा वेळानं म्हणाली, "पण आता मी करू काय? टॉर्च धरायला मला कोण बोलावणार?"

"कोणीच बोलावणार नाही आता," ऑर्लिन म्हणाला. "मलाही नाही."

दारावर थाप पडली. बाहेर क्लॅरिस. तिच्या हातात छताचा पंखा होता आणि त्यातून तारा लोंबत होत्या. प्रत्येक तारेला तिनं कपड्यांचा चिमटा लावला होता.

"ऑर्लिन, हा फिरत नाही," ती मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली. "एक बीट आहे, एक काळी. काळी तुला दिसते ना? आर्डिस, तुला लेमन केक आणलाय. पिवळा आहे, ऑर्लिन."

तिच्या मागे आणखी एकजण उभा होता. त्याच्याकडे पाण्याचा फुटका पाइप होता. "हा पांढरा आहे," तो आधीच म्हणाला.

ऑर्लिननं आर्डिसकडे पाहिलं. आर्डिसनं टॉर्च उचलला. भर दुपार होती, तरीही. ऑर्लिन वाकला, ट्रेलरखाली हात घालून बादली ओढून काढली, सामान खडीवर मांडलं, बादली उपडी घातली आणि बसला.

"शेवटचा हात कशाला लावला होतास?"

"कशालाच नाही," क्लॅरिस म्हणाली.

ऑर्लिननं केकचा तुकडा घेतला आणि डोंगराकडे बघत राहिला.